दगड आणि लाकूड : ११४३ च्या लॅटिन कुराणाचे प्रकरण

मध्ययुगीन ख्रिस्ती लेखकांनी इस्लामबद्दल काय लिहिले, हा विषय निघाला की चर्चा बहुधा दोनच वाटांनी जाते. एक तर त्या लेखनातील अज्ञान आणि द्वेष यांची जंत्री मांडली जाते, नाहीतर एखाददुसरे उदार वाक्य वेचून काढून ‘पाहा, तेव्हाही असे लोक होते’ असे सांगितले जाते. दोन्हींत त्या काळातील प्रत्यक्ष काम, म्हणजे कोणी काय वाचले, कोणाकडून समजून घेतले आणि कागदावर काय उतरवले, ते बाजूलाच राहते. म्हणून येथे एकच प्रकरण घेतले आहे. पश्चिम युरोपातील भाषेत झालेले कुराणाचे पहिले संपूर्ण भाषांतर स्पेनमध्ये ११४३ साली लॅटिनमध्ये पुरे झाले. ते करवून घेणारा फ्रान्समधील एक मठाधिपती होता, करणारा ग्रहताऱ्यांच्या अभ्यासासाठी स्पेनमध्ये आलेला एक इंग्रज होता, आणि हेतू उघडपणे खंडनाचा होता. चारशे वर्षांनी ते बासेल शहरात छापून प्रसिद्ध झाले, तेही छापखान्याच्या मालकाला आधी कोठडीची हवा खावी लागल्यावर.

या प्रकरणाविषयी माझे मत आधीच मांडून ठेवतो. या ग्रंथात दोन वेगळ्या वस्तू एकाच बांधणीत आल्या आहेत. एक भाषांतराची संहिता आणि दुसरी तिच्याभोवतीची चौकट, म्हणजे शीर्षक, प्रस्तावना, समासातील टिपा आणि जोडीला बांधलेली इतर पुस्तके. द्वेष प्रामुख्याने चौकटीत आहे. संहिता मात्र, तिच्यातले सगळे दोष धरूनही, मुसलमान भाष्यकारांच्या वाचनाशी आश्चर्य वाटावे इतकी जवळची आहे. ‘युरोपने कुराण विकृत केले’ किंवा ‘युरोपने कुराण समजून घेतले’ यांपैकी कोणतेही एक विधान या ग्रंथाला लागू पडत नाही, याचे कारण हेच आहे.

आधीची स्थिती

ख्रिस्ती लेखकांना इस्लामची माहिती बाराव्या शतकातच प्रथम झाली, असे नाही. पूर्वेकडील ख्रिस्ती लोक सातव्या शतकापासून मुसलमान राजवटीत राहत होते. दमास्कसचा योहान हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध लेखक. त्याचे घराणे उमय्या खलिफांच्या दरबारात महसुलाचे काम पाहत असे आणि तो स्वतः पुढे संन्यासी झाला. आठव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रीकमध्ये लिहिलेल्या त्याच्या पाखंडांच्या यादीत ‘इश्माएलींचा पंथ’, म्हणजे इस्लाम, अगदी शेवटी येतो. त्याचा सूर कडवट आणि टिंगलीचा आहे, परंतु त्याला कुराणातील ‘गाय’, ‘स्त्री’ आणि ‘मेज’ ही सूरांची, म्हणजे अध्यायांची, नावे ठाऊक आहेत. सुंता, शनिवार न पाळणे, मद्य वर्ज्य करणे, चार बायका आणि तलाक या चालीही त्याने नोंदवल्या आहेत. हा शेजाऱ्याने शेजाऱ्यावर केलेला हल्ला आहे. घराच्या आतले पाहिल्याशिवाय असा हल्ला करता येत नाही.

लॅटिन पश्चिमेत असा शेजार स्पेन आणि सिसिली सोडले तर फारसा नव्हता, आणि तेथे कल्पनेला मोकळे रान मिळाले. इसवी सन ११०० च्या सुमारास फ्रेंच भाषेत रचलेल्या रोलांच्या वीरकाव्यात सारागोसाचे मुसलमान तीन देवांच्या मूर्ती पूजतात, आणि त्यांपैकी एक नाव महंमदाचे आहे. मूर्तिपूजेला ज्या धर्मात सर्वांत मोठे पाप मानले आहे, त्याच धर्माच्या लोकांना मूर्तिपूजक ठरवण्याइतके हे अज्ञान गाढ होते. नोजांचा गिबेर हा मठाधिपती त्याच पिढीतला. त्याने महंमद पैगंबरांविषयीच्या ऐकीव कथा लिहून ठेवल्या आणि वर प्रांजळपणे असेही म्हटले की, ज्याचा दुष्टपणा कोणत्याही निंदेला पुरून उरतो त्याच्याविषयी वाईट बोलण्यात धोका नाही. म्हणजे खरे-खोटे तपासण्याची गरजच त्याला वाटली नव्हती.

ज्या सारागोसात कवीने मूर्ती बसवल्या, ते शहर आरागोनच्या राजाने १११८ मध्ये जिंकले. त्याच्याही आधी, १०८५ मध्ये, तोलेदो कास्तील या ख्रिस्ती राज्याच्या हाती आले होते. जिंकलेल्या शहरांत अरबी पोथ्या होत्या आणि अरबी जाणणारे मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्तीही होते. गणित, खगोल आणि वैद्यक यांच्या ओढीने युरोपभरचे अभ्यासक तिकडे जाऊ लागले. एब्रो नदीच्या खोऱ्यात त्यांपैकी दोन मित्र एकत्र काम करत होते. एक केटनचा रॉबर्ट आणि दुसरा करिंथियाचा हर्मान. धर्मशास्त्राशी दोघांनाही फारसे देणेघेणे नव्हते.

११४२ चा प्रवास

क्लूनीच्या मठाचा प्रमुख, ‘पूज्य’ या बिरुदाने ओळखला जाणारा पीटर, ११४२ मध्ये स्पेनला गेला तो कुराणासाठी नव्हे. त्याला मठाच्या स्पेनमधील शाखा पाहायच्या होत्या, आणि मठाच्या थकलेल्या देणगीचा प्रश्नही होता. कास्तीलचा सहावा आल्फोन्सो क्लूनीला दरवर्षी दोन हजार सुवर्णनाणी देत असे. त्या सोन्याचा उगम स्पेनमधील छोट्या मुसलमान राज्यांकडून वसूल होणाऱ्या खंडणीत होता. क्लूनीचे भव्य चर्च या पैशाच्या आधारावर उभे राहू लागले, पुढे खंडणीचा ओघ आटला आणि देणगी रखडली. पीटरने सातव्या आल्फोन्सोशी बोलणी केली आणि रोख रकमेच्या बदल्यात कार्देन्याचा मठ पदरात पाडून घेतला. कुराणाचे भाषांतर या व्यवहारी सफरीत सुचलेले काम आहे. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण धर्मयुद्धाच्या ढोलताशांत या भाषांतराचा जन्म झाला नाही. हिशेबाच्या वह्या घेऊन निघालेल्या एका चौकस प्रशासकाच्या डोक्यात ते आले.

पीटरने माणसे कशी जमवली, ते त्यानेच सांगितले आहे. अरबी जाणणाऱ्यांना त्याने विनवणी करून आणि मोबदला देऊन तयार केले, आणि त्यातला मोबदला भरघोस होता. रॉबर्टकडे कुराण आले. हर्मानकडे पैगंबरांच्या पूर्वजांची कथा आणि अब्दुल्ला इब्न सलाम या ज्यू विद्वानाने पैगंबरांना विचारलेल्या प्रश्नांचे पुस्तक आले. तोलेदोचा पीटर नावाच्या तिसऱ्या भाषांतरकाराने अल्-किंदीच्या नावावर चालणारा एक पत्रसंवाद घेतला. त्याचे लॅटिन कच्चे असल्यामुळे ते घासूनपुसून नीट करण्यास मठाधिपतीचा लेखनिक, प्वातिएचा पीटर, याला बसवले. शिवाय, भाषांतरात काही सुटू नये आणि कोणी फसवू नये म्हणून या मंडळींत एका मुसलमानाला घेतले होते. त्याचे नाव महंमद. पीटरने त्याचा उल्लेख एका वाक्यात केला आहे. संहितेचा पोत पाहिला तर हे एक वाक्य फार अपुरे वाटते.

रॉबर्टने ११४३ च्या मध्याच्या सुमारास काम पुरे केले. तोपर्यंत तो पाम्प्लोनाच्या चर्चमध्ये आर्चडीकन, म्हणजे बिशपचा वरिष्ठ साहाय्यक, झाला होता. प्रस्तावनेत तो मठाधिपतीला सांगतो की, भूमिती आणि खगोल हा आपला मुख्य अभ्यास बाजूला ठेवून आपण हे काम केले. पुढे तो स्वतःची भूमिका एका प्रतिमेतून मांडतो. आपण फक्त दगड आणि लाकूड आणून दिले आहे, त्यावर सुंदर आणि अभेद्य इमारत उभारणे मठाधिपतीचे काम आहे. आणि हा माल आणताना आपण काहीही गाळले नाही, अर्थ कळावा एवढ्यापुरतेच बदल केले, अशी ग्वाहीही देतो. हीच ग्वाही पुढे वादाचे मूळ ठरली.

संहिता जवळून पाहताना

कुराणाचा पहिला अध्याय, अल्-फातिहा, सात छोट्या आयतींचा, म्हणजे वचनांचा, आहे. मुसलमान माणूस नमाजात तो दिवसातून अनेकदा म्हणतो. रॉबर्टने या सात आयतींचे एकच लांबलचक लॅटिन वाक्य केले. त्या वाक्याचा मराठीत अर्थ असा होतो : ‘दयाळू आणि कनवाळू देवापुढे, विश्वाच्या निर्मात्यापुढे, ज्याच्या न्यायाची शेवटचा दिवस वाट पाहतो त्याच्यापुढे, त्याची आराधना करत आपण विनम्र प्रार्थनेने लीन होऊ या, आणि त्याच्या हाताचे साहाय्य, तसेच ज्या मार्गाने त्याने शत्रूंना व चुकलेल्यांना नव्हे तर आपणांसारख्या सद्भावी जनांना आपल्याकडे नेले, त्या मार्गाचे दान आणि शिकवण यांचा आपणांस अखंड अनुभव येवो.’

यात काय हरवले, ते मूळ अरबी ठाऊक असणाऱ्याला लगेच दिसते. मुळात चार आयतींपर्यंत देवाविषयी बोलणे चालते आणि पाचव्या आयतीत बोलणारा एकदम देवाकडे वळून ‘आम्ही तुझीच भक्ती करतो, तुझीच मदत मागतो’ असे म्हणतो. हे वळण हा त्या प्रार्थनेचा प्राण आहे. रॉबर्टच्या वाक्यात ‘तू’ कोठेच नाही. देव शेवटपर्यंत तृतीयपुरुषीच राहतो. ‘सरळ मार्ग’ यातला ‘सरळ’ही गेला. छोट्या, यमकाने बांधलेल्या आयतींचा ठेका तर एका वाक्याच्या गुंडाळीत पार नाहीसा झाला.

पण यात काय आले नाही, तेही पाहावे. या वाक्यात निंदेचा एक शब्द नाही. बाराव्या शतकातला एखादा भाविक ख्रिस्ती वाचक हे वाक्य त्याचे मूळ न सांगता वाचायला मिळाले असते, तर कदाचित मनापासून म्हणू शकला असता. रॉबर्टने अरबी अलंकारिक गद्याच्या जागी लॅटिन अलंकारिक गद्य ठेवले. त्याच्या काळच्या शिकलेल्या वाचकाला जे गद्य भारदस्त वाटे, त्याच घाटात त्याने कुराण ओतले. देवाचे वचन म्हणून मानला जाणारा ग्रंथ साध्या, तुटक भाषेत उतरवून त्याला हास्यास्पद करणे सोपे होते. त्याने ते केले नाही.

दुसरे उदाहरण जास्त बोलके आहे. बाराव्या सूरेत यूसुफची गोष्ट येते. मिसरी सरदाराच्या बायकोने शहरातल्या बायकांना मेजवानीला बोलावले, प्रत्येकीच्या हाती सुरी दिली आणि यूसुफला समोर आणले. त्याला पाहताच त्या बायकांनी ‘अकबर्नहु’, म्हणजे ‘त्याला थोर मानले’, आणि भान हरपून स्वतःचे हात कापून घेतले. रॉबर्टच्या लॅटिनमध्ये मात्र यूसुफला पाहून त्या सगळ्यांना मासिक पाळी आली. वरवर पाहता हे अडाणी भाषांतरकाराचे किंवा द्वेष्ट्याचे काम वाटते. परंतु दहाव्या शतकाच्या आरंभी बगदादमध्ये वारलेल्या अत्-तबरी या थोर मुसलमान भाष्यकाराने या शब्दाचे जे अर्थ नोंदवले आहेत, त्यांत हाही एक आहे. रॉबर्टने हा अर्थ मनाने रचलेला नाही. तो त्याला भाष्यपरंपरेतून मिळाला, पोथीतून तरी किंवा कोणा जाणकाराच्या तोंडून तरी.

अमेरिकन इतिहासकार टॉमस बर्मन यांनी अशी कितीतरी स्थळे दाखवून दिली आहेत, जेथे रॉबर्टच्या वाक्यातला ‘जादा’ मजकूर तफसीर ग्रंथांशी, म्हणजे कुराणावरील मुसलमान भाष्यांशी, जुळतो. एखादी आयत मोघम असेल तर भाष्यकार तिचा जो खुलासा करतात, तो रॉबर्ट सरळ आयतीत मिसळून देतो. मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. गीतेचे सातशे श्लोक ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार ओव्यांचे होतात, आणि त्याला आपण विपर्यास न म्हणता भावार्थ म्हणतो. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की ज्ञानेश्वर आपण टीका सांगत आहोत हे उघड करतात, तर रॉबर्टच्या वाचकाला मूळ कोठे संपते आणि भाष्य कोठे सुरू होते, याची खूण मिळत नाही. ‘काही गाळले नाही’ हे त्याचे म्हणणे भाष्यासकट कुराण असे धरले तर बरेचसे खरे ठरते आणि नुसते कुराण धरले तर खोटे ठरते.

त्याची प्रकरणांची मोजणीही याच गोष्टीची साक्ष देते. कुराणात ११४ सूरा आहेत, तर रॉबर्टच्या हस्तलिखितांत ‘अझोआरा’ या नावाने १२३ भाग मोजलेले सापडतात, आणि फातिहा धरली तर १२४ होतात. ‘अझोआरा’ म्हणजे अरबी ‘अस्-सूरा’च. सुरुवातीच्या लांब सूरांचे त्याने तुकडे केले. ते मनमानीने पाडलेले नसून पठणासाठी मुसलमानांनी स्वतः केलेल्या विभागणीला धरून आहेत. एब्रोच्या खोऱ्यात कुराण जसे म्हटले जात होते, तशीच ही पोथी दिसते.

चौकट

आता दुसरी बाजू. ग्रंथाचे शीर्षकच ‘महंमद या खोट्या प्रेषिताचा कायदा’ असे आहे. वाचक पहिल्या पानावर येण्यापूर्वीच निकाल सांगून झालेला असतो. पॅरिसच्या आर्सेनाल ग्रंथालयातील ११६२ क्रमांकाचे हस्तलिखित या संग्रहाच्या मूळ प्रतीइतके जुने मानले जाते, आणि मारी-तेरेझ दाल्व्हेर्नी या विदुषीने १९४८ मध्ये त्याचे महत्त्व दाखवून दिले. त्याच्या समासांत बारीक अक्षरांत टिपा आहेत. येथे खोटे आहे, येथे परस्परविरोध आहे, येथे काय वेडगळ गोष्ट सांगितली आहे, असे त्या वाचकाला जागोजागी टोकत राहतात. मात्र त्याच टिपांमध्ये एखाद्या शब्दाचा अरबी अर्थ किंवा एखाद्या आयतीमागची घटनाही येते, आणि ती माहिती पुन्हा मुसलमान भाष्यांतूनच आलेली असते. एकाच समासात शिकवणारा आणि शिव्या देणारा शेजारी शेजारी बसलेले आहेत.

चौकटीतला सर्वांत धारदार भाग युरोपीय नाहीच. अल्-किंदीच्या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ अरबीत आणि पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेत तयार झाला. त्याची पार्श्वभूमी नवव्या शतकातील बगदादची, खलिफा अल्-मामूनच्या दरबाराची आहे. एक मुसलमान आपल्या ख्रिस्ती मित्राला इस्लामचे आमंत्रण देतो आणि तो मित्र दीर्घ पत्राने पैगंबरांचे चरित्र, लढाया, विवाह आणि कुराणाचे संकलन यांवर हल्ला चढवतो. तोलेदोच्या पीटरने तो लॅटिनमध्ये आणल्यावर पश्चिमेच्या हाती तयार शस्त्रागारच पडले. पुढे शतकानुशतके युरोपात इस्लामवर जे आक्षेप घेतले गेले, त्यांतले अनेक या पत्रात आधीच मांडलेले आहेत. ‘युरोपचे अज्ञान’ म्हणून ज्याकडे बोट दाखवले जाते, त्यातला मोठा वाटा वास्तविक अरबी बोलणाऱ्या ख्रिस्त्यांच्या चांगल्या माहितीचा आणि तितक्याच तीव्र वैराचा आहे.

मठाधिपती पीटरने स्वतः या सामग्रीचा सारांश लिहिला. इस्लामला ख्रिस्ती पाखंड म्हणावे की मूर्तिपूजकांसारखा परका धर्म, हे त्याला शेवटपर्यंत नीट ठरवता आले नाही. खंडनाचे काम क्लेर्व्होचा प्रभावी मठाधिपती बर्नार्ड याने करावे, अशी त्याची इच्छा होती. त्याने बर्नार्डला पत्र लिहून समजावले की, राज्यात काही वस्तू संरक्षणासाठी असतात, काही शोभेसाठी आणि काही दोन्हींसाठी, बायबलमधील शांतताप्रिय राजा शलमोननेही गरज नसताना शस्त्रे करून ठेवली होती. मुसलमानांचे मन वळले नाही तरी ख्रिस्ती ग्रंथांच्या कपाटात हे हत्यार असू द्यावे. बर्नार्डने खंडन लिहिले नाही. ११४६ मध्ये तो व्हेझलेला दुसऱ्या क्रुसेडचा, म्हणजे धर्मयुद्धाचा, प्रचार करत होता.

अखेर पीटरने आयुष्याच्या शेवटी स्वतःच लेखणी घेतली. ११५६ मध्ये वारण्याआधीच्या काळात लिहिलेल्या त्या ग्रंथात त्याने थेट मुसलमानांना उद्देशून लिहिलेले एक वाक्य नेहमी उद्धृत केले जाते : ‘मी तुमच्यावर चाल करून येतो, पण आमचे लोक अनेकदा येतात तसा शस्त्रांनी नव्हे तर शब्दांनी, बळाने नव्हे तर विवेकाने, द्वेषाने नव्हे तर प्रेमाने.’ उद्धृत करणारे बहुतेक जण शेवटच्या शब्दावर थांबतात. मला पहिले क्रियापद जास्त महत्त्वाचे वाटते. लॅटिनमधले ते क्रियापद ‘जवळ येणे’ आणि ‘हल्ला करणे’ हे दोन्ही अर्थ एकदम बाळगते, आणि पीटरचे सगळे काम त्या दोन अर्थांच्या मध्ये उभे आहे. क्रुसेडच्या मोहिमेला त्याने पत्र लिहून पाठिंबाही दिला होता. त्याचे हे खंडन थोड्याच हस्तलिखितांतून टिकले. जी इमारत बांधायची होती ती उभी राहिलीच नाही म्हणा. दगड आणि लाकूड मात्र गावोगाव पोचले. रॉबर्टच्या भाषांतराची सुमारे पंचवीस हस्तलिखिते आजही आहेत.

टीकाकार आणि वाचक

या भाषांतराला पर्याय निर्माण झाले नाहीत असे नव्हे. तोलेदोच्या मार्कने १२१० च्या सुमारास कुराणाचे पुन्हा लॅटिन भाषांतर केले आणि ते शब्दाला शब्द ठेवून केले. अरबीच्या दृष्टीने ते अधिक प्रामाणिक आहे, पण लॅटिन वाचकाला ठेच लागत लागत पुढे जावे लागते. त्याची हस्तलिखिते रॉबर्टच्या तुलनेत फारच थोडी आहेत. वाचकांनी निवड केली होती, आणि ती वाचनीयतेच्या बाजूने होती.

पंधराव्या शतकात सेगोव्हियाचा हुआन या स्पॅनिश धर्मशास्त्रज्ञाने रॉबर्टवर सर्वांत नेमकी टीका केली. कॉन्स्टँटिनोपल १४५३ मध्ये तुर्कांच्या हाती पडल्यावर युद्धाऐवजी चर्चेने मार्ग काढावा, असे त्याला वाटत होते, आणि त्यासाठी विश्वसनीय कुराण हवे होते. रॉबर्टने क्रम बदलला, सूरांची विभागणी बदलली, जे मुळात उघड सांगितले आहे ते सोडले आणि जे केवळ सूचित आहे ते घातले, असे त्याचे आक्षेप होते. शेवटचा आक्षेप वाचताना लक्षात येते की हुआनने नकळत भाष्यांच्या मिसळणीवरच बोट ठेवले होते. त्याने सेगोव्हियाच्या मुसलमान समाजाचा धर्मशास्त्री ईसा याला साव्हॉयमधील आपल्या मठात बोलावून घेतले. १४५५-५६ च्या हिवाळ्यात ईसाने कुराणाचे कास्तीली भाषांतर केले, हुआनने त्यावरून लॅटिन केले, आणि अरबी धरून तीन भाषांची पोथी सिद्ध झाली. ती हरवली, हुआनची प्रस्तावना राहिली. या सबंध इतिहासात मला सर्वांत चुटपुट लावणारी गोष्ट हीच आहे.

चालीरीतींविषयी येथे थोडे सांगायला हवे, कारण पोथी वाचून लिहिणारे आणि माणसे पाहून लिहिणारे यांच्यात मोठा फरक पडतो. फ्लॉरेन्सचा डॉमिनिकन साधू रिकोल्दो १३०० च्या आधी बगदादमध्ये राहिला. त्याने कुराणाचे कठोर खंडन लिहिले, परंतु प्रवासवर्णनात मुसलमानांची अभ्यासाची निष्ठा, प्रार्थनेतली एकाग्रता, गरिबांवरची दया, देवाच्या नावाचा आदर, गंभीर वागणे आणि परक्याचे आदरातिथ्य यांची मोकळी स्तुती केली. पंधराव्या शतकातला हंगेरीचा जॉर्ज तुर्कांच्या कैदेत वीस वर्षे राहिला. त्यानेही त्यांचा साधेपणा, स्वच्छता आणि स्त्रियांची शालीनता वाखाणली, आणि या सद्गुणांमुळेच ख्रिस्ती माणूस भुलण्याचा धोका आहे, असा इशाराही दिला. शेजारी चांगला आहे, हे मान्य करून त्याचा धर्म खोटा ठरवण्याची कसरत दोघांनीही केली.

बासेल, १५४२

योहानेस ओपोरिनुस हा बासेलचा छापखानदार. मानवी शरीररचनेवरचा वेसालियसचा युगप्रवर्तक ग्रंथही त्याच्याच छापखान्यातून १५४३ मध्ये बाहेर पडला. १५४२ मध्ये त्याने झुरिचचा विद्वान बिब्लियांडर याने संपादित केलेले रॉबर्टचे कुराण गुपचूप छापायला घेतले. नगरपरिषदेला सुगावा लागला, छापलेली पाने जप्त झाली आणि ओपोरिनुसला काही काळ कोठडीत ठेवण्यात आले. विरोधाचे कारण साधे होते : ख्रिस्ती शहराने असले पुस्तक जगात सोडावे का?

हंगेरीतील बुदा शहर आदल्याच वर्षी तुर्कांच्या ताब्यात गेले होते आणि व्हिएन्नाच्या वेढ्याला जेमतेम तेरा वर्षे झाली होती. अशा वेळी मार्टिन ल्यूथरने ऑक्टोबर १५४२ मध्ये बासेलच्या परिषदेला पत्र लिहिले. महंमदाला आणि तुर्कांना त्यांचे कुराण उजेडात आणण्याइतके त्रासदायक आणि हानिकारक दुसरे काही करता येणार नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्याने स्वतः लॅटिन कुराण प्रथम पाहिले होते आणि ‘फार वाईट भाषांतर’ असा शेरा दिला होता. तरीही ते छापावे, असेच त्याचे म्हणणे होते. परिषदेने जानेवारी १५४३ मध्ये परवानगी दिली, पण शहराचे आणि छापखान्याचे नाव पुस्तकावर नसावे आणि ते बासेलमध्ये विकू नये, या अटींवर. ग्रंथ तीन भागांत निघाला. पहिल्यात कुराण आणि पीटरचा जुना संग्रह, दुसऱ्यात खंडने, तिसऱ्यात तुर्कांचा इतिहास. चौकट आणखी जाड झाली होती. संहिता तीच, चारशे वर्षांपूर्वीची. १५५० मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली.

छापील पुस्तकाची पुढची वाट थोडक्यात सांगता येते. १५४७ मध्ये व्हेनिसला आर्रिव्हाबेने या प्रकाशकाने इटालियन कुराण काढले आणि ते अरबीवरून केल्याचे मुखपृष्ठावर जाहीर केले. प्रत्यक्षात ते बासेलच्या लॅटिनवरून केलेले होते. सालोमोन श्वाइगर हा लुथरन धर्मोपदेशक कॉन्स्टँटिनोपलला तीन वर्षे राहून आला होता. तुर्कांना डोळ्यांनी पाहिलेल्या या माणसाने १६१६ मध्ये न्युर्नबर्गला जर्मन कुराण प्रसिद्ध केले, ते या इटालियनवरून. १६४१ मध्ये हाम्बुर्गला त्या जर्मनवरून डच कुराण निघाले. पुन्हा अरबीकडे वळून कुराण युरोपच्या लोकभाषेत छापायला त्यानंतर सहा वर्षे लागली, जेव्हा आंद्रे द्यु रिये याचे फ्रेंच भाषांतर पॅरिसला निघाले.

श्वाइगरच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर भाषांतराची वंशावळ दिली आहे : आधी अरबीतून इटालियनमध्ये, आता जर्मनमध्ये. मधली लॅटिन पायरी त्यात नाही. ज्या माणसाने दगड आणि लाकूड वाहून आणले, आणि ज्या महंमदाने त्याच्या शेजारी बसून ते तपासून दिले, त्या दोघांचीही नावे आपल्याच कामाच्या मुखपृष्ठावर नव्हती.